दात्याचा अंश

बोरी अरब
मंगळवार, २८ ऑक्टोबर २०२५

अतुल,

हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकते आहे, घरच्या नाही. पाकिटावर माझं नावही लिहिलेलं नाही. एवढी तुझी सोय केली. तू माझा फोन उचलत नाहीस आणि निशिगंधाला फोन करायचा नाही अशी मला शपथ घातली आहेस. म्हणून पोटच्या पोराशी तिकीट लावून बोलते आहे.

नागपूरच्या दवाखान्यात तुझ्या फाइलवर अजून माझाच नंबर आहे. ऑपरेशनच्या वेळी किडनीच्या पेशंटचं सगळं पाहणाऱ्या साधना मॅडमनी लिहून घेतला होता, तो बदलायचं तुला सुचलं नाही. त्यामुळे तुझे रिपोर्ट माझ्या फोनवर येतात. या महिन्यात किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन १.७ आलं. माझी किडनी तुला बसवली त्याला चार वर्षं झाली, आणि लग्नापर्यंत ते कधी १.२च्या वर गेलं नव्हतं. पावसाळ्यात १.४ होतं. आता हे.

रिपोर्ट आला त्याच दिवशी साधना मॅडमचा फोन आला. "शीलाताई, अतुल गोळ्या वेळेवर घेतो ना?" मी म्हटलं, घेतो. तुझ्यापायी खोटं बोलायची जिभेला सवय लागली आहे. त्या जिभेची मला किळस येते.

खरं काय ते मला देवसिंगकडून कळलं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तो दारव्ह्याला जाताना फराळाला थांबला होता. तुझ्याच कृषी ऑफिसात तुझ्याच हुद्द्यावर आहे, पण मला याडी म्हणतो, त्यांच्या तांड्याच्या बोलीत आई. तू आई म्हणत नाहीस तेवढं तो भरून काढतो. चिवडा खाता खाता सांगत होता, "याडी, तुमचा पोरगा लय शिस्तीचा हाय. मुतखड्याच्या गोळ्या ड्रॉवरमधी ठेवते अन् चाबी खिशात. आल्याबरोबर एक डोस, निघताना एक डोस."

मी विचारलं, "आणि शनिवारी-रविवारी?"

"शनिवारी-रविवारी ऑफिस बंद राह्यते ना." मी काही खुळ्यासारखं विचारलं अशा नजरेनं त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मी बोटांवर मोजलं. शुक्रवारी संध्याकाळपासून सोमवारी सकाळपर्यंत गोळी नाही. दिवाळीत सलग पाच दिवस नाही. सकाळी आठ, संध्याकाळी आठ, एक तास इकडेतिकडे नको, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तू मान हलवली होतीस. बायकोला, निशिगंधाला दिसू नयेत म्हणून त्या गोळ्या तू सरकारी टेबलात कोंडल्यास. सुट्टी सरकारला असते. तुझं शरीर शनिवारीही काम करतं, आणि परकी वस्तू घरात शिरली आहे हे त्याला शनिवारीही कळतं.

डॉक्टरांनी एक नवी रक्ततपासणी लिहून दिली आहे. भरती व्हायचं नाही, किडनीत सुई घालायची नाही. दंडातून रक्त घ्यायचं, बस. तो रिपोर्ट पाहिल्याशिवाय पुढच्या तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून मिळणार नाहीत, असं साधना मॅडम म्हणाल्या. पुसदहून माणूस महागावला तुझ्या ऑफिसात येऊन रक्त घेऊन जाईल.

मला शिव्या दे, पण रक्त दे.

आई


बोरी अरब
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

अतुल,

तुझा मेसेज आला. "देतो रक्त. पत्रं बंद कर. इथे सगळे विचारतात."

बंद करीन. पण ही तपासणी काय आहे ते आधी समजून घे. तू शिकलेला आहेस, तरी वाचत नाहीस. माझी शाळा चौथीत सुटली. मी विहारातल्या कपाटातली पुस्तकं वाचत शिकले, आणि नंतर तुझ्या वडिलांच्या औषधांच्या डब्यांतले कागद वाचत. साधना मॅडमनी पाठवलेलं पत्रक चार वेळा वाचलं. अडलं तिथे त्यांना विचारलं.

माझी किडनी तुझ्या पोटात आहे. तिच्यातल्या पेशी रोज थोड्या मरतात, सगळ्यांच्याच मरतात. मेल्या की त्यांचे बारीक तुकडे रक्तात येतात. ते तुकडे तुझे नसतात, माझे असतात, आणि यंत्राला ते वेगळे ओळखता येतात. किडनी सुखात असेल तर शंभरात जेमतेम अर्धा भाग माझा. एकाच्या वर गेला तर तुझं शरीर तिला मारतं आहे असं समजून पुढचं पाहायचं. क्रिएटिनिन वाढेपर्यंत पुष्कळ नुकसान झालेलं असतं. हे त्याच्या आधी सांगतं.

तुला तुझ्या भाषेत सांगते. गुलाबी बोंडअळीवर तू गावोगाव भाषण देतोस. मीही एकदा मागे उभी राहून ऐकलं आहे. बोंड बाहेरून हिरवंगार, आत अळी. फुटेल तेव्हा पाहू म्हणणाऱ्याच्या हाती कवडी, किडका कापूस येतो. म्हणून शेतात सापळे लावा, सकाळी पतंग मोजा, तीन दिवस आठ-आठ सापडले की फवारणीला लागा. किती ठणकावून सांगत होतास. हा रिपोर्ट म्हणजे तो सापळा आहे. दुसऱ्याच्या कपाशीची एवढी काळजी करणारा माणूस स्वतःच्या पोटात अळी पाळतो, हे मला सोसत नाही.

आता दुसरं. मे महिन्यात तुझ्या हळदीला ढाणकीत, तुझ्या सासरी जे झालं ते मी विसरले असं तुला वाटत असेल. आठ वाजून गेले होते. तू पाटावर बसलेला, अंगभर हळद. मी वाकून तुझ्या कानात "गोळी" म्हटलं. तुझ्या सासऱ्यांच्या बहिणीनं ऐकलं. "कायची गोळी व्हय?" तिनं विचारलं. आणि तू सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं हसून म्हणालास, "बाबा गेल्यापासून आईच्या डोक्यावर परिणाम झाला. कोणालेही गोळ्या देत फिरते." बाया हसल्या. एकीनं मला हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं. ते पाणी मी प्यायले, कारण वेड्या बाईनं तेच करायचं असतं.

तुझ्या ओटीपोटावरचा व्रण मुतखड्याचा, माझा गाठीचा. सोयरिकीत ठरवून सांगितलेलं खोटं. त्यात मीही होते. पण मला वेडी ठरवायचं आपलं ठरलं नव्हतं.

तुझ्या वडिलांना मी किडनी देऊ शकले नाही. आमचं जुळलं नाही, हे तुला ठाऊक आहे. तुझ्याशी जुळलं तेव्हा मला वाटलं, निदान एक माणूस माझ्या हातून जगेल. ते तुझ्या एका ड्रॉवरच्या किल्लीवर टांगलेलं आहे.

रक्त बुधवारी घेणार आहेत. त्या दिवशी सुट्टी टाकू नकोस.

आई


बोरी अरब
शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०२५

अतुल,

रिपोर्ट आला. शाळेत खिचडीची फोडणी टाकली होती तेव्हा फोन वाजला. जोडीच्या वच्छलाबाईच्या हातात झारा दिला आणि बाहेर जाऊन वाचला.

क्रिएटिनिन ०.८. दात्याचा अंश: आढळला नाही.

पहिल्यांदा मी हसले. खरंच. लेकरू बरं आहे म्हणून. आत येऊन वच्छलाबाईला सांगितलं, रिपोर्ट चांगला आला. ती म्हणाली, "मंग रडून कायले राह्यली?" मला कळलंही नव्हतं.

मुलांना वाढून झाल्यावर पुन्हा वाचला. आढळला नाही. अर्धा नाही, पाव नाही, काहीच नाही. पेशीचा एक तुकडासुद्धा रक्तात येऊ न देणारी किडनी कुणाची असते? कुणाचीच नसते. ज्याला दुसऱ्याची किडनी बसवलेलीच नाही त्याच्या रक्तात मात्र दाता सापडणार नाही. आणि १.७चं ०.८ पाच-सहा आठवड्यांत? माझं स्वतःचं १ येतं. माझी एक किडनी तुला दिल्यावर तू माझ्याहून निरोगी झालास?

साधना मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "डॉक्टरांनाही पटलेलं नाही, ताई. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल. पुन्हा घ्यावं लागेल." त्या भल्या आहेत. चूक प्रयोगशाळेची असेल असं त्यांना वाटतं. मला वाटत नाही. मी तुला ओळखते.

ते रक्त तुझं नाही.

सापळ्यात पतंग दिसू नयेत म्हणून तू दुसऱ्याच्या बांधावरचा रिकामा सापळा आणून आपल्या शेतात टांगलास. कागद पाहून डॉक्टर गप्प बसतील, आई गप्प बसेल, आणि निशिगंधाला काही कळणार नाही. अळीला कोण कागद दाखवणार आहे?

मला ओकारी आली, अतुल. शाळेच्या मोरीत जाऊन ओकले. माझ्या अंगातलं काढून तुझ्या अंगात घातलं, आणि तू यंत्राकडून लिहून घेतलंस की मी तिथे नाहीच.

कोणाचं रक्त दिलंस?

आई


बोरी अरब
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

अतुल,

हे पत्र टपालात टाकत नाही. देवसिंगच्या हाती देते आहे. तो समोर ओट्यावर खाली मान घालून बसला आहे.

तुझ्यासाठी रक्त देईल असा तुझा एवढाच दोस्त मला ठाऊक, म्हणून मी त्याला फोन करून बोलावलं होतं. आल्या आल्या विचारलं, "दंड दाखव." त्यानं दाखवला. आता तिथे काय दिसणार होतं, पण कशाला हे न विचारता त्यानं दाखवला म्हणजे झालंच.

"याडी, मले काय माहीत? तो म्हणे, इम्याच्या पालिसीचं काम हाय, माही शुगर वाढली हाय, तू दे. पुसदचा माणूस आला, यानं माह्याकडं बोट दाखवलं, हाच अतुल म्हणून. मी हासलो. दोस्तीत एवढं तं चालतेच."

मी त्याला सगळं सांगितलं. मुतखडा नाही, किडनी. माझी. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला. मग म्हणाला, "मंग मी तं त्याले मारूनच टाकून राह्यलो, याडी." त्याला मी चहा दिला. त्याची चूक नाही. मैत्रीत रक्त मागितलं, त्यानं दिलं. रक्त नाटकासाठी मागतोस हे तू त्याला सांगितलं नाहीस.

तुझ्या नावानं ओरडून झाल्यावर मी आत गेले, आणि तिथे मला माझीच शिसारी आली. त्याचं कारण तुला आज सांगते. याआधी कुणाला सांगितलेलं नाही.

खोटा रिपोर्ट या घरात पहिल्यांदा तू आणलेला नाहीस.

तुझे वडील दोन वर्षं यवतमाळला आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या सुयांवर पडत होते, तेव्हा नागपूरला माझी तपासणी झाली होती. जुळलं होतं, अतुल. डॉक्टर म्हणाले होते, तुम्ही देऊ शकता. मी एकटीच बसनं परत आले. सारा रस्ता पोट दाबून धरलं होतं. मला सुरीची भीती वाटत होती. दोघंही आडवे झाले तर तुझं कसं, असंही मनाशी म्हटलं, पण ते नंतर सुचलेलं. आधी भीतीच होती. घरी आल्यावर त्यांना म्हटलं, जुळलं नाही. कागद चुलीत घातला.

ते रागावले नाहीत. उलट मला समजावत राहिले. "जाऊ दे, शीला. आपलं कुठं रक्ताचं नातं हाय? जुळन कसं?" मरेपर्यंत दोन-तीनदा असंच म्हणाले. उकंडा नावाचा एक माणूस बायकोच्या खोट्यावर विश्वास ठेवून तिचीच समजूत घालत गेला. त्या समजुतीचं ओझं आठ वर्षं माझ्या छातीवर आहे. तुझ्या वेळी मी डॉक्टरांपुढे सगळ्यात आधी हात वर केला तो प्रेमानं केला, पण नुसत्या प्रेमानं नाही.

म्हणून भीतीपोटी माणूस काय करतो ते मला कुणी शिकवायला नको. तू घाबरला आहेस. निशिगंधा सोडून जाईल, सासरे चारचौघांत अब्रू काढतील. काढतील कदाचित. पण त्या भीतीला मी एकदा माणूस दिला आहे. दुसरा देणार नाही.

पुढच्या रविवारपर्यंत, तीस तारखेपर्यंत, निशिगंधाला तू स्वतः सांग. नाहीतर मी लिहीन. शपथ मोडली म्हणून काय व्हायचं ते होऊ दे.

आई


बोरी अरब
सोमवार, १ डिसेंबर २०२५

निशिगंधा,

हे पत्र वाचून तू माझ्यावर थुंकलीस तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच.

अतुलला मुतखडा कधीच झाला नव्हता. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. चार वर्षांपूर्वी माझी एक त्याला बसवली. तुमच्या सोयरिकीच्या वेळी तुझ्या वडिलांनी, नानाजींनी, मला सरळ विचारलं होतं, "पोराची तब्येत कशी?" मी म्हटलं, दगडासारखी. त्यांनी विश्वास ठेवला, कारण विधवा बाई पोराबद्दल खोटं कशाला बोलेल. मी बोलले. तुझी फसवणूक अतुलनं एकट्यानं केलेली नाही.

मी मांडवात वेडी नव्हते. आठची गोळी द्यायला आले होते.

त्याच्या गोळ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असतात. सुट्टीच्या दिवशी तो घेत नाही. शरीर किडनीला झिडकारू लागलं आहे असं डॉक्टरांना वाटतं. नक्की कळायला रक्त द्यायला हवं होतं, तर त्यानं दुसऱ्याचं दिलं. कारण रिपोर्ट वाईट आला असता तर भरती व्हावं लागलं असतं, आणि मग तुला कळलं असतं.

तू त्याच्याजवळ राहा, असं मी म्हणणार नाही. तो हक्क मी घालवला. फक्त तो दुखण्यातून उठेपर्यंत त्याला तुमच्या घरात लपायला जागा ठेवू नकोस. खाली साधना मॅडमचा नंबर लिहिला आहे. त्या खोटं बोलत नाहीत.

शीला


बोरी अरब
शनिवार, २० डिसेंबर २०२५

अतुल,

या पाकिटावर घरचा पत्ता आहे, आणि मागे माझं नाव.

नागपूरला पाच दिवस मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर होते, तू भिंतीकडे तोंड करून होतास. बोलायचं नव्हतं तर नको. त्यामुळे तुला काही गोष्टी कळलेल्या नाहीत, त्या लिहिते.

चार तारखेला निशिगंधा एकटी बसनं इथे आली. पाणीही घेतलं नाही. म्हणाली, "व्रण दाखवा." मी दाखवला. तिनं बोट न लावता नीट पाहिला आणि विचारलं, "दुखते काय अजून?" मी म्हटलं, वाकल्यावर. मग म्हणाली, "तुम्हीबी खोटं बोलल्या. मी तुमच्याशी बोलणार नाही, त्याच्याशीबी नाही. गोळीची वेळ तेवढी सांगा." मी सांगितली. तिनं हातावर पेननं लिहून घेतली, दोन्ही.

तुझ्या ड्रॉवरची चावी तिनं कशी काढून घेतली ते देवसिंगनं मला सांगितलं. ऑफिसात येऊन फक्त हात पुढे केला म्हणे. साहेबांसमोर. तू दिलीस.

रक्त तुझं घेतलं तेव्हा ती तुझ्या खुर्चीमागे उभी होती, आणि पुसदच्या माणसाला म्हणाली, "आधार कार्ड पाहा याचं." मला हे ऐकून बरं वाटलं. असं बरं वाटण्याचीही लाज वाटली.

रिपोर्टही माझ्या फोनवर आला. क्रिएटिनिन १.९. दात्याचा अंश: २.३ टक्के.

मग किडनीतून तुकडा काढून पाहिला. झिडकारणं सुरू झालं आहे, पण अर्धीअधिक वाचवता येईल, असं डॉक्टर म्हणाले. तीन दिवसांची इंजेक्शनं झाली. आणखी दोन महिने बसला असतास तर मोजायला काही उरलं नसतं.

नानाजी वॉर्डात आले होते, तेव्हा तू झोपलेला होतास की डोळे मिटून होतास, मला माहीत नाही. मुलीला म्हणाले, "चाल घरी. याचं काय करायचं ते मागून पाहू." ती म्हणाली, "आठ वाजले, बाबा. गोळी देऊन येतो." ते बाहेर माझ्या बाकावर येऊन बसले. मग म्हणाले, "दगडासारखा, म्हणलं होतं तुमी." मी म्हटलं, हो. तेवढंच. त्यांनी मला माफ केलेलं नाही, आणि मी माफी मागितलीही नाही.

ती अजून तुझ्याशी बोलत नाही, असं कळलं. आठला गोळी आणि पेला ठेवते, तू गिळेपर्यंत उभी राहते, पेला उचलते. तसंच चालू दे. माया नंतर पाहू. आधी वेळ पाळ. तिनं सोडलं तर तेही तुला सोसावं लागेल. मी मध्ये पडणार नाही.

मला येणारी किळस अजून गेलेली नाही. तुझीही नाही आणि माझीही नाही. फोटोकडे पाहून तुझ्या वडिलांना खरं काय ते मोठ्यानं सांगितलं. फोटो काय बोलणार? पण त्यांनी मला समजावलं नाही, एवढं बरं झालं.

जानेवारीत पुन्हा रक्त घेतील. २.३वरून खाली आलं पाहिजे. तुझ्या रक्तात मी जितकी कमी, तितका तू बरा. आईनं हे कागदावर वाचावं आणि आनंद मानावा, अशी ही तपासणी आहे. मी मानीन. एकावर ये, अर्ध्यावर ये, त्याच्याही खाली जा. मला फोन करू नकोस, आई म्हणू नकोस, तरी चालेल.

पण रक्त तुझं आहे तोवर थोडी मी त्यात असणार. पुन्हा "आढळला नाही" असा कागद आला, तर पत्र लिहिणार नाही. पहिल्या बसनं महागावला येईन आणि माझ्या डोळ्यांसमोर तुझा दंड बांधायला लावीन.

आई